सात जणांचे एक विमान

गाय गिब्सन हा इंग्रज वैमानिक १२ ऑगस्ट १९१८ रोजी आपल्या देशात, सिमला येथे जन्मला. बालपणीच तो इंग्लंडला गेला व १९३६ साली ब्रिटिश विमानदलात दाखल झाला.

१९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असता, एका नव्या तुकडीचे आधिपत्य त्याजकडे आले. त्या वेळी तो अवघा २४ वर्षांचा होता. म्योने धरणाचे पाणी जर्मनीतील रूर प्रदेशाच्या कारखान्यांस मिळे. ते धरण व आणखी काही धरणे फोडावयाची होती. तळ्यात चपटा दगड आडवा फेकला, म्हणजे तो पाण्यावर टप्पे घेत जातो. तसा जाणारा बॉम्ब बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञाने योजिला होता. मात्र तो पाण्यावर केवळ ६० फूट उंचीवरून, ठराविक वेगाने व ठराविक अंतरावरूनच टाकावयाचा होता, तोही रात्री!

हे एकट्याचे काम नव्हते. प्रत्येक विमानात सात जण असत. विमानाखालील दोन दिव्यांची प्रकाशवर्तुळे पाण्यावर एकत्र आली, की उंची बरोबर साधे. मार्गदर्शक ती पाहून वैमानिकास सूचना देई. यंत्रज्ञ वेग सांभाळी, दुसरा अंतर हेरून बॉम्ब सोडी, गोलंदाज शत्रूच्या तोफांवर मारा करीत. एकाची चूक सातही जणांस भोवली असती. म्हणून करड्या शिस्तीच्या गिब्सनने जवळजवळ दोन महिने सर्वांकडून कसून सराव करून घेतला.

१६ मे १९४३ च्या रात्री १९ विमाने निघाली. म्योने धरणावर पहिला हल्ला गिब्सनने केला. पण भिंत ढळली नाही. दुसरे विमान तोफांना बळी पडले. तेव्हा गिब्सन परत फिरला आणि पुढील विमानांच्या बाजूने उडत त्याने शत्रूचा मारा आपल्यावर ओढून घेतला. पाचव्या विमानाच्या बॉम्बने धरण फुटले. मागाहून एडर धरणही फुटले.

या विजयाची किंमत मोठी होती. ८ विमाने परतली नाहीत. ५३ सहकारी मृत्युमुखी पडले. पुराच्या लोंढ्यात १,३०० हून अधिक माणसे बुडाली. त्यांत सक्तीने राबविलेले अनेक परदेशी मजूरही होते. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

१९ सप्टेंबर १९४४ रोजी हॉलंडमध्ये विमान कोसळून तो मरण पावला. त्याचा मार्गदर्शकही त्याच्यासमवेत गेला. पदक एकाच्या छातीवर झळकते. परंतु ते मिळविणारे हात अनेक असतात.