सर जॉर्ज गेब्रियल स्टोक्स

हिवतापावरील कडू क्विनाईन आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. त्याच औषधाच्या योगे सृष्टीतील एक गुप्त गोष्ट ज्यांनी उजेडात आणिली, त्या थोर ख्रिस्ती विद्वानाचे हे अल्प चरित्र होय.

स्टोक्स यांचा जन्म ता. १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडातील स्क्रीन या खेड्यात झाला. त्यांचे वडील तेथील पाळक होते. इ. स. १८४१ त केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले; १८४९ त तेथेच प्राध्यापक झाले व मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

सूर्यप्रकाश लोलकातून गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. जांभळ्यापलीकडे आपल्या डोळ्यांस काहीच दिसत नाही. स्टोक्स यांनी क्विनाईनच्या पाण्याची नळी पट्ट्यातून सरकवीत त्या अंधारात नेली, तो ती निळ्या तेजाने झळकू लागली! तेथे अदृश्य किरण होते. ते शोषून घेऊन क्विनाईन त्यांस दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकीत होते. फ्लोरस्पार नामक खनिजावरून त्यांनी १८५२ त ह्या गुणास फ्लुओरेसन्स हे नाव दिले. ट्यूबलाईटच्या आतील पांढरी पूड ह्याच गुणाने उजेड देते.

क्विनाईनचा हा निळा रंग पूर्वी जॉन हर्शेल यांनी पाहिला होता, हे स्टोक्स यांनी आपल्या निबंधाच्या आरंभीच नमूद केले. पुढे १८५९ त किर्खोफ या जर्मन विद्वानाने सूर्यप्रकाशातील काळ्या रेषांचा अर्थ लाविला. तेव्हा स्टोक्स यांनी तो विचार आपणांस आधीच सांगितला होता, असे त्यांचे मित्र केल्व्हिन म्हणू लागले. परंतु आपल्या विचारात एक महत्त्वाची पायरी राहून गेली होती, असे स्पष्ट सांगून स्टोक्स यांनी तो मान नाकारिला.

रॉयल सोसायटीचे ते ३१ वर्षे चिटणीस व पुढे अध्यक्ष होते. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचेही ते एक उपाध्यक्ष होते. ता. १ फेब्रुवारी १९०३ रोजी ते प्रभूमध्ये निजले.

उपदेशक बंधूंनो, त्या नळीस स्वतःचे तेज नव्हते. किरण थांबताच तिचे झळकणेही थांबे. आपली सेवाही तशीच आहे. एकाने पेरलेल्या शेतात दुसरा कापणी करितो. अशा वेळी मंडळीपुढे पहिल्याचे नाव घेण्यास आपण मागे राहू नये, आणि जे आपले नव्हे ते आपले म्हणवू नये. प्रकाश देणारा प्रभू एकच आहे.