सलीम अलींची सुगरण

बहिणाबाईंनी केलेले सुगरणीच्या खोप्याचे कौतुक आपल्या घराघरांत पाठ आहे. नावच असे की, खोपा मादी विणते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विणतो तो नर. त्याच्या संसाराची खरी हकीकत उलगडली डॉ. सलीम अली यांनी, आणि तीसुद्धा नोकरी गेली म्हणून!

त्यांचा जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६ रोजी. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. हातात छर्‍याची बंदूक आली, तशी ती तबेल्यातल्या चिमण्यांवर चालली. घरट्यापाशी बसलेला नर मारला की मादी नवा नर आणी. सात दिवसांत असे आठ नर पडले. आज ऐकताना वाईट वाटते. पण दहाएक वर्षांच्या पोराने हे टिपून ठेवले, हे विशेष. पुढे पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखता येईना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. पक्ष्यांचा नाद लागला तो तिथे.

नादाने पोट भरत नाही. काही वर्षे ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यात गेली. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा मिळाली नाही. (डिप्लोमावर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्याला हे जरा जास्तच लागते.) मुंबईच्या संग्रहालयात काम मिळाले. मग बर्लिनला प्रा. स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी तिच्यावर नजर ठेवली. नर खोपा अर्धाच विणतो. माद्या येतात, आत शिरून पारखून पाहतात. पसंत पडला तर एखादी तिथेच राहते. मग तो खालची नळी पुरी करतो. ती अंडी उबवायला बसली की हे गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी! नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. हे नराचे झोपाळे, अशी लोकांची समजूत होती. १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव झाले.

लगोलग आपल्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. पगार नको, मुक्कामाचा नि प्रवासाचा खर्च तेवढा द्या, अशी त्यांची तयारी. संस्थानात तेव्हा मराठवाडाही होता. पुढे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा अशी इतरही संस्थाने झाली. मुक्कामाला तहमीनाबाई बरोबर असत. १९३९ साली त्या वारल्या. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४१ चे, म्हणजे ते पाहायला त्या नव्हत्या. रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड, १९७६ चे पद्मविभूषण हे सगळे त्यानंतरचे. १९८७ साली मुंबईत सलीम अली गेले.

आमच्या कार्यालयामागे विहिरीवर झुकलेली एक शिंदी आहे. मागच्या पावसाळ्यात जेवणाच्या सुटीत तिच्यावरचे खोपे मोजले. अकरा होते. त्यांतले चार अर्धवट.