बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

दुःखाने माणूस देवाकडे वळतो, असे आपण सहज बोलून जातो. पंडिता रमाबाईंच्या चरित्राला हे सूत्र लावू गेले तर ते नीटसे बसत नाही. दुःखाने प्रथम त्यांचा देव हिरावूनच नेला.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविण्याच्या ध्यासापायी लोकांचा रोष पत्करून त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडू लागले. दानधर्म केला, व्रते केली, आणि १८७४ च्या सुमारास अन्नान्न दशेत वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण पुढे आले. तिसरा खांदा भावाचा. चौथी रमाबाई, उंची पुरेना म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर पेलला. ज्या देवतांसाठी आईवडिलांनी सर्वस्व वेचले त्यांच्यावरची श्रद्धा त्यानंतर उडाली, तर त्यात नवल कसले?

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा, दहा महिन्यांची.

त्यानंतर पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. वैद्यकी शिकायची होती; कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने तो विचार सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा या भगिनी करीत. त्यांचे फुलहॅमचे सेवागृह पाहून रमाबाई हेलावल्या. अशा स्त्रियांना जवळ करणारा येशू त्यांच्या बुद्धीला पटला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक चरित्रकथा येथेच सुटकेचा निःश्वास टाकतात. रमाबाईंचे मात्र तसे झाले नाही. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरून त्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रोपत्री वाद घालीत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली आहे. इतकी प्रांजळ कबुली धर्मांतरितांच्या लेखनात विरळाच. अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू होत्या. त्याच पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. कामाला यश येत होते, तरी मनाला विसावा नव्हता. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. इतरांना उपदेश करता करता आपण स्वतःच रिते आहोत, हे त्या गृहस्थाला उशिरा उमगले होते. रमाबाईंना त्यात आपलाच चेहरा दिसला. पात्रता मिळविण्याची धडपड सोडून त्यांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले आणि जो आनंद बाप्तिस्म्याने दिला नव्हता तो आता आला.

गंमत अशी की, यानंतर दिवस सुखाचे आले नाहीत. १८९३ मध्ये, सदन पुण्यात असताना, मुलींना बाटविल्याचा गवगवा झाला. रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. पुण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, हे मान्य करायला हवे: विधवा मुली विश्वासाने सदनाच्या हवाली केल्या होत्या, आणि बाईंची प्रार्थनेची खोली त्यांना बंद नव्हती. पण एकट्या पडलेल्या रमाबाई कडवट झाल्या नाहीत.

लोणावळ्याच्या एका मेळाव्यात पंधरा मुली बरोबर असताना त्यांनी या पंधरांचे पंधरापट, म्हणजे २२५ व्हावेत, अशी प्रार्थना केली. ती फळली तीही दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात उपासमार झाली. स्वतः भुकेने तडफडलेली ही बाई तिकडे धावली आणि मुलींना घेऊन आली. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, आंधळ्यांसाठी ब्रेल: जिला जे जमेल ते. ब्रेल शिकवीत असे मनोरमा.

तीच मनोरमा, आईची उजवी बाजू, २४ जुलै १९२१ रोजी वारली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ बंद. आप्तांपैकी आता कोणीच उरले नव्हते. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम गेली कित्येक वर्षे चालले होते. साध्या बायाबापड्यांना कळावे, एवढाच त्यांचा हट्ट. मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्याच स्त्रियांचे होते.