वाहवा कुठे थांबवायची?

आपल्या मराठीत 'वाहवा' म्हणजे दाद. गिटारवाल्यांच्या भाषेत 'वा-वा' म्हणजे पायाने चालवायचं एक पेडल. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी बेताचंच, आणि हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधीचे एकमेकांत अडकून बसलेत. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं फर्मान सुटल्यावर मी या गुंत्यावरच लिहायचं ठरवलं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही नम्र विनंती!

यंदाच्या गॅदरिंगला माझी जी फजिती झाली ती बऱ्याच जणांनी पाहिली. सोलो चालू असताना माझा वा मध्येच बंद व्हायचा, मध्येच चालू. वायर लूज आहे, असं कोणी म्हणालं. मुलगीच कच्ची आहे, असंही कोणी म्हणालं. खरं म्हणजे त्या रात्री दोन चुका झाल्या. एक सेटिंगची आणि एक माझी. रूमवर आले, गिटार कॉटखाली सारली आणि ज्याच्यापायी या नादाला लागले त्या माणसाचं चरित्र वाचायला घेतलं. त्याचं नाव जिमी हेंड्रिक्स.

हेंड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घरची परिस्थिती ओढाताणीची. आईवडील वेगळे झालेले, आणि १९५८ मध्ये, तो पंधरा वर्षांचा असताना, आई गेली. त्याचं पहिलं वाद्य म्हणजे अडगळीत सापडलेली, एकच तार उरलेली युकुलेली. मग पाच डॉलरची एक जुनी गिटार मिळाली. पठ्ठ्या डावखुरा, आणि गिटारी सगळ्या उजव्या हाताच्या. त्याने गिटार उलटी धरली आणि तारा उलट क्रमाने चढवल्या. आपल्याकडे लॅबमध्ये एक प्रोब मोडला की प्रॅक्टिकल कॅन्सल!

१९६१ मध्ये चोरीच्या गाडीत बसलेला सापडला. तुरुंग की लष्कर, असा प्रश्न समोर आल्यावर त्याने लष्कर निवडलं. पॅराशूट घेऊन उड्या मारणाऱ्या तुकडीत भरती झाला, वडिलांकडून गिटार मागवून घेतली आणि बराकीत वाजवत बसला. तिथेच त्याला बिली कॉक्स हा बेस वाजवणारा दोस्त भेटला. १९६२ मध्ये लष्कर सुटलं. पुढची चार वर्षं तो लिटिल रिचर्ड, आयझली ब्रदर्स अशा बड्या मंडळींच्या मागे उभा राहून वाजवत गावोगाव फिरला. नाव दुसऱ्याचं, साथ याची.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत त्याला चॅस चँडलरने ऐकलं. चँडलर हा 'द अ‍ॅनिमल्स' या इंग्लिश बँडचा बेसिस्ट. तो त्याला घेऊन २४ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनला पोचला. आता गंमत पाहा. तिथून हेंड्रिक्सच्या मृत्यूपर्यंत चार वर्षंही भरत नाहीत, सहा दिवस कमीच पडतात. म्हणजे जेवढ्या काळात आपण आठ सेमिस्टर कशीबशी ओढतो, तेवढ्यात या माणसाने इलेक्ट्रिक गिटार कशी वाजवायची हेच बदलून टाकलं.

१९६७ च्या मे महिन्यात त्याचा पहिला अल्बम आला. जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरीच्या महोत्सवात त्याने स्टेजवर गिटारला आग लावली आणि अमेरिकेनेही त्याला डोक्यावर घेतलं. वा पेडल त्याच वर्षी नुकतं बाजारात आलं होतं. जुलैमध्ये 'बर्निंग ऑफ द मिडनाइट लॅम्प' या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याने ते वापरलं आणि पुढे ते त्याच्या पायालाच चिकटलं.

या पेडलच्या पोटात फार काही नसतं. दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल आणि पायाने फिरणारं पोटेन्शिओमीटर. हा एक फिल्टर आहे, त्याचं शिखर पायाबरोबर सरकतं. टाच दाबली की ते खाली जातं आणि आवाज 'ऊ' सारखा घुमा होतो. चवडा दाबला की शिखर वर जातं आणि आवाज 'आ' सारखा उघडतो. 'ऊ' वरून 'आ' कडे गेलात की झालं 'वा'! १९६८ च्या 'व्हूडू चाइल्ड' च्या सुरुवातीला हेंड्रिक्स तारा दाबून धरून नुसती खरखर वाजवतो. सूर अजून लागलेलाच नसतो, तरी पेडलमुळे ती खरखर बोलायला लागते.

मला महत्त्वाचं वाटलं ते याचं बटण. ते चवड्याच्या टोकाखाली असतं. पाय पार पुढे नेऊन जोरात दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. म्हणजे बंद करताना आवाज सर्वात तीक्ष्ण जागी असणार, आणि ती दाब तालात बसली नाही तर सगळ्यांना कळणार. कुठे थांबायचं हे पेडल ठरवत नाही, पाय ठरवतो.

आमच्या डिजिटल प्रोसेसरला असलं बटण लागत नाही. पेडल फक्त एक आकडा पाठवतं, शून्य ते शंभर. टाचेवरून पाय हलला, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, की वा आपोआप चालू. पाय टाचेवर परत आला की आपोआप बंद. ऐकायला झकास! पण तालात पाय हलवताना तो प्रत्येक ठोक्याला टाचेवर येतोच. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, आणि त्यातले शंभर-दीडशे मिलिसेकंद माझा पाय टाचेजवळ. बंद होण्याआधी थांबायचा वेळ मी ठेवला होता शून्य. त्यामुळे दर ठोक्याला वा मरत होता आणि पुन्हा जन्म घेत होता. तो वेळ एक सेकंद ठेवला तर उलटी पंचाईत, सोलो संपल्यावरही आवाज तोंडावर उशी दाबल्यासारखा घुमा राहतो. मी आता ३०० वर आणलाय. शिवाय चालू व्हायची मर्यादा ८ आणि बंद व्हायची ३, अशा दोन वेगळ्या ठेवल्या, म्हणजे सीमेवर लुकलुक होत नाही. सेकंड इयरला श्मिट ट्रिगर पाठ करून विसरलेल्यांनी कृपया नोंद घ्यावी!

ही झाली पेडलची वाहवा. लोकांची वाहवा मात्र हेंड्रिक्सला बंद करता आली नाही. त्याला गाणं पुढे न्यायचं होतं आणि लोकांना माँटेरीची आग पुन्हा पाहायची होती. दाताने वाजव, पाठीमागे वाजव, जाळ. या कसरतींना तो कंटाळला होता. जून १९६९ मध्ये त्याचं त्रिकूट फुटलं. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला तो नवा ताफा घेऊन गेला, त्यात लष्करातला बिली कॉक्सही होता. कार्यक्रम लांबत लांबत त्याची पाळी सोमवारी, १८ तारखेला सकाळी आली. तोवर बहुतेक गर्दी घरी गेलेली. उरलेल्या लोकांपुढे त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, आणि व्हिएतनामच्या युद्धाच्या त्या दिवसांत त्याच्या गिटारमधून बाँब पडल्यासारखे आवाज आले. गर्दी घरी गेल्यावर वाजवलेलं हेच त्याचं वाजवणं आज सर्वात जास्त आठवलं जातं!

न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधायला काढला. त्याचा खर्च वाढत गेला, पैशासाठी दौरे चालूच राहिले. २६ ऑगस्ट १९७० ला स्टुडिओचं उद्‌घाटन झालं, आणि लगेच तो युरोपच्या दौऱ्यावर. ६ सप्टेंबरला जर्मनीतल्या फेमार्न बेटावर शेवटची मैफल झाली. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि तो गेला. वय २७. चौकशीत आत्महत्या की अपघात, याचा निकाल लागला नाही. उद्‌घाटनाला तेवीस दिवस झाले होते.

हे वाचून झालं तेव्हा मेसचा चहासुद्धा संपला होता, आणि मला माझी दुसरी चूक आठवली. गॅदरिंगला वा नीट चालत नव्हता तरी पुढच्या रांगेतून वन्स मोअर आला. मला राहवलं नाही. सहा मिनिटं जास्त वाजवलं. दहा वाजता परवानगी संपली आणि फर्स्ट इयरच्या एकांकिकेचा शेवटचा प्रवेश राहून गेला. महिनाभर तालीम केली होती पोरांनी. त्या सहा मिनिटांचं खापर कुठल्याही प्रोसेसरवर फोडता येत नाही.

फर्स्ट इयरवाल्यांनो, सॉरी. पुढच्या गॅदरिंगला तुमची एकांकिका आधी, माझी गिटार नंतर. सरांशी बोलून ठेवलंय.