सालिम अली आणि पाखरांची गानविद्या

१९३० सालच्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावी तेहतीस वर्षांचे एक बेकार गृहस्थ सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून असत. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते नुकतेच परतले होते आणि मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. हे गृहस्थ म्हणजे पुढे जगभर पक्षितज्ज्ञ म्हणून मान्यता पावलेले डॉ. सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सालिम यांचे मातृपितृछत्र वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच हरपले. खेतवाडीत मामांच्या घरी ते वाढले. बालपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, या कुतूहलापोटी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्या मुलापुढे उघडली आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे बव्हंशी मेलेल्या पक्ष्यांचे मोजमाप आणि वर्गीकरण. बर्लिनमध्ये प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली सालिम अलींना जिवंत पक्ष्याच्या वर्तनाचे महत्त्व उमगले. किहीमला त्यांनी पाहिले ते असे : सुगरणीचा नर घरटे अर्धवट विणतो, पंख फडफडवत व गात मादीला बोलावतो, मादीने घरटे पसंत केले की ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले.

सुगरण हा गानपक्ष्यांच्या गटातला. या गटाचे वैशिष्ट्य असे, की गाणे पिलाला शिकावे लागते. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिले एकांतात वाढवली, तेव्हा ती मोठेपणी ओबडधोबड गाऊ लागली. पिलू आधी वडीलधाऱ्या नराचे गाणे ऐकून स्मरणात साठवते, मग बाळाच्या बोबड्या बोलांसारखे स्वर काढू लागते आणि स्वतःचा आवाज त्या आठवणीशी ताडत गाणे घोटते. रियाज म्हणतात तो हाच.

१९७६ मध्ये फर्नांडो नॉटेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरीच्या मेंदूत या गाण्यासाठी राखलेली केंद्रे शोधून काढली. ‘एचव्हीसी’ हे केंद्र गाण्याचा काळ सांभाळते. त्याचा संदेश ‘आरए’ केंद्रामार्फत श्वासाच्या व स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. ‘एरिया एक्स’ असलेला दुसरा मार्ग शिकण्याच्या काळात चुका सुधारण्यास मदत करतो. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतही झेब्रा फिंचच्या गाण्यावर असे संशोधन झाले आहे.

आपल्या समजुतींना धक्का देणारी गोष्ट अशी, की कोकिळ या गानपक्ष्यांत बसत नाही. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही त्याचे पिलू मोठेपणी कोकिळाचाच आवाज काढते, कारण तो त्याला उपजत मिळालेला असतो. उलट, ज्याच्या आवाजाला आपण नाके मुरडतो तो कावळा शास्त्राच्या हिशेबी गानपक्षी ठरतो!

शिकण्यासाठी ऐकू यावे लागते आणि ऐकवणारा कोणी असावा लागतो. ठाणे पूर्वेच्या कोपरीचेच पाहा. एका अंगाला रेल्वेमार्ग, पुलावरून अखंड वाहणारा द्रुतगती महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला खाडी. अशा वस्तीतल्या झाडांवर दयाळाच्या पिलाला बापाचे गाणे या गोंगाटातूनच टिपावे लागते. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, असे २००३ साली आढळले. ऑस्ट्रेलियात तर रीजंट हनीइटर हा पक्षी इतका विरळ झाला, की काही तरुण नर इतर जातींचीच गाणी गाऊ लागल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरूच उरला नाही तर घराणे बुडते, हे पाखरांनाही लागू आहे.

सालिम अलींनी मेंदूचा अभ्यास केला नाही. त्यांची प्रयोगशाळा रान आणि माळ हीच होती. पण १९४१ सालच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या रूपाबरोबर त्यांच्या आवाजाचीही नोंद केली आणि सामान्य वाचकाला पक्षी कानांनी ओळखायला शिकवले. डिलन रिप्ले यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथ, भरतपूरच्या पाणथळीचे रक्षण, १९७६ चा पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती असा त्यांचा प्रवास २० जून १९८७ रोजी मुंबईत थांबला. महाराष्ट्रात २०२० पासून त्यांच्या जयंतीपर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, पक्षी सप्ताह साजरा होतो.

जातिवंत शास्त्रज्ञ उत्तरांइतकेच प्रश्न मागे ठेवून जातो. पाखरू गाते कसे, याचे पुष्कळसे उत्तर मेंदूच्या अभ्यासाने दिले. ते गात राहील का, याचे उत्तर मात्र त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांकडे आहे.