उत्तर ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस का? भास्कराचार्यांचे गणित

नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली सुमारे २१.८ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास येथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. मधल्या दिवसांत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. कारण, पृथ्वीचा कललेला अक्ष. हेच गणित भास्कराचार्यांनी ध्रुवापर्यंत नेले होते.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच गुरू. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला.

त्यांच्या मते पृथ्वी गोल, पण स्थिर होती. कललेला होता तो सूर्याचा मार्ग, २४ अंशांनी. आज आपण हा कल पृथ्वीच्या अक्षाचा मानतो. तो सुमारे २३.४ अंश आहे.

९० मधून २४ वजा केले की ६६ उरतात. म्हणून ६६ अंशांपलीकडे उन्हाळ्यात काही दिवस सूर्य मावळतच नाही आणि मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, दिवस सहा महिन्यांचा होतो. ही कल्पना त्यांच्याआधीही होती. त्यांनी ती अक्षांशांच्या हिशेबाने उलगडून दाखवली. माणूस ध्रुवावर पोहोचायला तेव्हा साडेसातशेहून अधिक वर्षे बाकी होती.

११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चंगदेव यांनी खान्देशातच, चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.