स्वतः जमीनदार असून जमीनदारांना नडला, त्या डेव्हिड रिकार्डोचं व्यापाराचं गणित

साल १८१५. इंग्लंडच्या संसदेनं कायदा केला, की देशातला गहू क्वार्टर या तिथल्या मापाला ८० शिलिंगांवर जात नाही, तोवर परदेशी गहू बाजारात विकायचा नाही. जमीनदार खूश झाले. धान्य महाग, म्हणजे जमिनीचा खंडही जास्त. भुर्दंड बसणार होता पाव विकत घेऊन खाणाऱ्या कामगाराला.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांत एक जमीनदारच होता, डेव्हिड रिकार्डो.

त्याचा जन्म १७७२ साली लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शेअर दलाल. चौदाव्या वर्षीच पोरगा त्यांच्या धंद्यात उतरला. पण एकविसाव्या वर्षी त्यानं क्वेकर पंथातल्या प्रिसिलाशी लग्न केलं आणि घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. गडी खचला नाही. बाजारात त्याचं नाव होतं, त्या जोरावर त्यानं स्वतःचा धंदा उभा केला.

१७९९ मध्ये बाथ शहरात असताना ॲडम स्मिथचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि त्याला अर्थशास्त्राचा नाद लागला.

पुढे वॉटर्लूच्या लढाईआधी सरकारला कर्ज उभं करून देणाऱ्यांत रिकार्डो होता. नेपोलियन हरला, सरकारी रोख्यांचे भाव चढले आणि त्यानं बक्कळ पैसा कमावला. त्याआधीच त्यानं गॅटकम पार्क ही मोठी इस्टेट घेतली होती. म्हणजे धान्य महाग राहण्यात त्याचाही फायदाच होता. तरी तो विरोधात गेला.

१८१७ च्या पुस्तकात त्यानं एक काल्पनिक हिशेब मांडला. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालला कापडाला ९० आणि वाइनला ८० पुरतात.

आता तुम्ही म्हणाल, पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे, मग त्यानं इंग्लंडकडून काही घ्यावंच कशाला?

रिकार्डोचं डोकं इथंच चाललं. पोर्तुगालनं दुप्पट वाइन केली, तर १६० माणसं लागतील. इंग्लंडनं दुप्पट कापड विणलं, तर २००. मग अर्ध्या मालाची अदलाबदल करायची. दोन्ही देशांना दोन्ही वस्तू पहिल्याइतक्याच मिळतात, पण पोर्तुगालची १० आणि इंग्लंडची २० माणसं वाचतात. आपण सगळ्यात सरस कशात आहोत किंवा निदान सगळ्यात कमी मागे कशात आहोत, ते ओळखून तेच करायचं. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

१८१९ मध्ये तो खासदार झाला आणि संसदेतही खुल्या व्यापाराची बाजू लढवत राहिला.

पण देशाचा फायदा म्हणजे प्रत्येकाचा फायदा नव्हे, हेही त्याला दिसत होतं. यंत्रांमुळे कामगारांचं भलंच होतं, असं तो आधी मानायचा. १८२१ च्या आवृत्तीत नवं प्रकरण घालून त्यानं आपली चूक कबूल केली. यंत्र मालकाला परवडलं, तरी मजुराचं काम जाऊ शकतं.

१८२३ मध्ये कानाच्या संसर्गानं तो गेला, अवघ्या ५१ व्या वर्षी. धान्याचे ते कायदे रद्द करायचं ठरलं, ते थेट १८४६ मध्ये.

आजही एखादा देश आयात कर वाढवतो, तेव्हा रिकार्डोचं हेच गणित पुन्हा काढलं जातं. वाचलेली ती ३० माणसं पुढे कुठल्या कामाला लागणार, हा प्रश्न मात्र त्या गणितात सुटलेला नाही.